रामरावांचा दीड वीत ट्रक

“धनेशभाऊ, या गाडीची गोष्ट सांगितली तर कोणाचाच विश्वास बसणार नाही,” रामराव म्हणाले.

धनेशभाऊंचा तर बसणार नव्हताच. दोघांनी बत्तीस वर्षं फौजी गाड्यांच्या एकाच कारखान्यात काढली होती. रामराव रंगखात्यात, धनेशभाऊ तपासणीत. रामरावांनी रंगवलेलं काहीही भिंग लावल्याशिवाय पास करायचं नाही, ही सवय धनेशभाऊंना तिथेच लागली होती. आज दसऱ्याच्या संध्याकाळी विजय नगरच्या मराठी मंडळात हस्तकलेचं प्रदर्शन होतं, धनेशभाऊ परीक्षक होते आणि भिंग सोबत होतं.

पहिल्या नंबराची वस्तू मंडळाच्या काचेच्या कपाटात वर्षभर मिरवते. गेली तीन वर्षं तिथे विठोबा नावाच्या एका गृहस्थांचं आगकाड्यांचं देऊळ ठाण मांडून बसलं होतं. ते हलवल्याशिवाय आपल्याला मुक्ती नाही, असं रामरावांनी ठरवून टाकलं होतं. आठ महिने खपून त्यांनी ट्रक बनवला. खऱ्याच्या चोविसावा हिस्सा, दीड वीत लांब. तुपाच्या डब्याचा पत्रा, चपलेच्या रबराची खाचा पाडलेली चाकं, गोळ्यांच्या पाकिटाच्या प्लास्टिकच्या काचा आणि बायकोच्या तुटलेल्या माळेतल्या मण्यांचे दिवे. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, ‘फौजी ट्रक, अस्सल हिरवा.’

टेबलावर मात्र ॲम्ब्युलन्स उभी होती.

त्याचं झालं असं. हिरवा रंग कारखान्यातल्यापेक्षा केसभर फिका वाटला म्हणून रामरावांनी सकाळी सकाळी दीक्षितपुऱ्यातल्या घरी ट्रकला आणखी एक हात मारला आणि तो वाळत ठेवला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी भानुमतीबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. स्कूटरची पूजा झाली होती, सूनबाईच्या गाडीची झाली होती.

“आता याची,” त्या म्हणाल्या.

“अगं, हे मॉडेल आहे!”

“चार चाकं आहेत नं? मग दसऱ्याला पूजेशिवाय उंबरठा ओलांडत नसते गाडी. आणा ते लिंबू.”

लिंबू ट्रकच्या टपापर्यंत आलं. रामरावांना ते बघवेना. जिथे दिव्याचा मणीसुद्धा मापून बसवला, तिथे चाकाखाली घागरीएवढं लिंबू? त्यांनी कागदावर भागाकार केला आणि लिंबाच्या जागी चार मोहऱ्या ठेवल्या. नारळ म्हणून एक मिरं घेतलं. ट्रक मोहऱ्यांवरून पुढे ढकलला. मोहऱ्या काही फुटल्या नाहीत, कुठे घरंगळल्या तेही कळलं नाही. मग त्यांनी हातोडीनं मिरं फोडलं.

नारळ फुटला तो थेट रामरावांच्या नाकात. त्यांना एकामागून एक सात शिंका आल्या. डोळे पुसून पाहतात तो भानुमतीबाईंनी ओल्या रंगात अनामिकेनं बोनेटभर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं!

“हे काय करून ठेवलंस! सुईच्या टोकानं टिकली लावायची!”

“देवाला तुमचं चोवीस-बिवीस नाही समजत. कुंकू सुईनं लावायला मी काय गोधडी शिवून राहिली?”

रामरावांनी थिनरचा बोळा फिरवला. कुंकू तसूभर हललं नाही. थिनर मात्र ओघळला आणि प्लास्टिकच्या काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढुरक्या झाल्या. आठ महिने पाण्यात गेले.

सूनबाई अमिता दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीला निघता निघता तिनं एक नजर टाकली.

“बाबा, टेन्शन काहून घेऊन राहिले? स्वस्तिकाच्या चार शेपट्यांवर रंग मारा, क्रॉस होतो. काचा तर ऑलरेडी हॉस्पिटलसारख्या झाल्या. एम्ब्युलन्स बना दो, बस!”

रामरावांनी बनवली. आणि आता धनेशभाऊ अर्जाकडे नि गाडीकडे आळीपाळीनं पाहत होते.

“अर्जात तर ट्रक आहे.”

“तीच तर गोष्ट. त्या वर्षी नर्मदेला पूर आला होता, आठवतं? मी हाच ट्रक बरगी धरणाकडे ट्रायलला नेला होता.”

“रंगखात्यातला माणूस? ट्रायलला?”

“ड्रायव्हरला हिवताप झाला होता. ऐका तर. वाटेत एक बाळंतीण अडलेली. ॲम्ब्युलन्स नाही, होडी-डोंगा नाही. मी म्हटलं, चलो, नर्मदामाई पाहून घेईल! खिशात लाल रंगाची डबी होतीच. अंगठ्यानं बोनेटवर क्रॉस काढला आणि गाडी पाण्यात घातली.”

लोक जमू लागले. रामरावांचा आवाज चढला. पाणी खिडकीपर्यंत आलं, गाळानं काचा ज्या पांढऱ्या झाल्या त्या कायमच्या. मधोमध डिझेल संपलं, तर मगरींनी मागून ढकललं. पोर पैलतीर गाठायच्या आधीच जन्मलं, आणि पहिला आवाज काढला तो रडण्याचा नाही, हॉर्नचा.

“म्हणून म्हणतो, आठवण जशीच्या तशी उतरवली. एक कण इकडचा तिकडे नाही.”

कोणीतरी टाळी वाजवली. एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंडळाच्या सेक्रेटरींनी विठोबाचं देऊळ बाहेर काढायला कपाटाच्या कुलुपात चावी घातलीसुद्धा. भानुमतीबाई पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होत्या. आपल्या पूजेचा उल्लेख आता येईल, मग येईल, अशी वाट पाहून त्यांचा चेहरा लाल झाला होता.

धनेशभाऊ भिंग लावून वाकले. बोनेट पाहिलं, काचा पाहिल्या, मग चाकांपाशी थांबले. बराच वेळ थांबले.

“रामराव,” ते शांतपणे म्हणाले, “मगरी मान्य. हॉर्नही मान्य. पण एवढ्या पुरात चाकाच्या खाचेत ही मोहरी काय करून राहिली?”

चावी कुलुपातच थांबली. रामरावांनी तोंड उघडलं. पण ते काही बोलायच्या आधीच पहिल्या रांगेतून भानुमतीबाई कडाडल्या,

“मोहरी काय म्हणता भाऊजी! लिंबू आहे ते! आज सकाळी पूजेला ठेवलं होतं. आणि तो लाल क्रॉस काही पुरातला नाही, माझं स्वस्तिक आहे ते!”