डबा ठेवून जाणारे कटरे सर

कटरे सर वर्गात शिरण्याआधी दारावर टकटक करतात. वर्ग त्यांचा, तासही त्यांचा, आणि आत बसलेली पोरं पाचवीतली. तरी ते चौकटीतून अर्धं डोकं आत घालतात आणि विचारतात, "येऊ का जी आत? माराल तं नाई ना कोनी?" सकाळपासून श्वास रोखून बसलेली नवी पोरं एकमेकांकडे बघतात. मग एखादं धीट पोर म्हणतं, "या जी." तेव्हा कुठे सर आत येतात, आणि बसण्याआधी खुर्ची हलवून पाहतात.

मी या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा मला वाटलं, पोरांना हसवण्यासाठी हे नाटक करत असतील. नाटकबिटक काही नव्हतं. कटरे सर खरोखर भितात. पालीला भितात, विजेच्या बटणाला भितात, मुख्याध्यापकांच्या बुटांच्या आवाजाला भितात. विज्ञान शिकवतात, पण स्पिरिटचा दिवा नववीच्या पोरींकडून पेटवून घेतात आणि स्वतः खिडकीपाशी उभे राहून सूचना देतात. सायकलपेक्षा जोरात धावणाऱ्या कुठल्याही दुचाकीवर ते बसत नाहीत.

मी तिरोड्याची. आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही असा माझा स्वतःबद्दलचा समज, आणि तोंडही जरा सैल. एकदा विचारलं, "सर, एवढे भिता, तर मास्तर कसे झालात?"

"भेवानंच झालो ना मॅडम. बाबूजी म्हने, शिकला नाई तं फौजेत टाकतो."

आमची शाळा सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाइनीला लागून असलेल्या एका मोठ्या गावात आहे. आजूबाजूच्या जंगलातल्या गावांत चौथीपर्यंतच शाळा. एक खोली, एक गुरुजी, चारही वर्ग एकाच सतरंजीवर. तिथली पोरं पाचवीला एकदम आमच्याकडे येतात. इथे तासागणिक वेगळा शिक्षक, घंटेवर घंटा, पाचशे अनोळखी चेहरे, आणि मिशा फुटलेली दहावीची पोरं. पहिल्या आठवड्यात ही पोरं भिंतीला धरून चालतात.

त्या आठवड्यात कटरे सर विज्ञान शिकवत नाहीत. ते भेवाचा तास घेतात. "भेव लागते तं लागू द्या, पन सांगून टाका," हे त्यांचं पालुपद. सुरुवात स्वतःपासून करतात. सर बेडकाला भितात हे ऐकलं की पोरांना कंठ फुटतो. कुणाला दहावीच्या मिशांची भीती, कुणाला इंग्रजीच्या मॅडमची. एका पोराने विचारलं, "सर, संडासची कडी लावली आन मंग निंगालीच नाई तं?"

"अरे बापा," सर म्हणाले, "हे तं मले सुचलंच नव्हतं."

मधल्या सुट्टीत ते स्वतः आत जाऊन कडी लावून बघायला गेले आणि अडकले. शिपायाने हातोडा आणून कडी तोडली तेव्हा सर घामाने चिंब बाहेर आले. पुढे कित्येक दिवस त्या दाराला कडीऐवजी दोरी होती, आणि पोरं बिनधास्त जायला लागली. मुख्याध्यापक मात्र आपल्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाले, "कटरेजी, स्कूल को आंगनवाडी मत बनाओ." त्यांच्या नजरेस सर दिवसभर पडले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी सोनवंती पाचवीला आली. लाइनीपलीकडच्या जंगलातल्या गावातली, घरी गोंडी बोलणारी. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, तोंडातून शब्द नाही. पहिल्या दिवशी पहिला तास कटरे सरांचा होता. घंटा झाली, सर उठून गेले. त्यांच्या पाठोपाठ सोनवंतीही उठली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि सरळ फाटकाबाहेर चालायला लागली. तिसऱ्या तासाला मी हजेरी घेतली तेव्हा हे कळलं.

"थे तं कवाची घरी गेली जी," शेजारची पोरगी म्हणाली.

तिच्या गावची वाट लाइनीच्या कडेने जाते, मग जंगलात शिरते. त्या वाटेवर अस्वल दिसल्याच्या गोष्टी आम्ही दर पंधरवड्याला ऐकतो. मी स्कूटी काढली तर कटरे सर धावत आले आणि मागे बसले. दुचाकीला भिणारा तो माणूस माझ्या खांद्यात बोटं रुतवून एका दमात "हळू मॅडम" आणि "जल्दी मॅडम" म्हणत होता. मी वैतागून म्हटलं, "सर, दोन्हीतलं एक काय ते ठरवा." ते म्हणाले, "मले भेव दोन्हीचा हाये."

लाइनीवरच्या छोट्या पुलाजवळ ती दिसली. रुळांच्या मधोमध, खडीवरून चालत होती. मागून मालगाडीचा भोंगा वाजला. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. स्कूटी थांबायच्या आधीच सरांनी उडी टाकली, पडले, उठले आणि खडी चढून धावले. त्यांनी पोरीला ओढून उताराला घेतलं तोवर गाडी आलीच. कितीतरी वेळ डबे जात राहिले. सर तिला पोटाशी धरून डोळे गच्च मिटून बसले होते. मी तिथेच चिखलात बसले. आपल्याला कशाची भीती वाटत नाही हा माझा समज त्या चिखलात राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला ती पुन्हा उठली. या वेळी शिपायाने फाटकात अडवलं. तिचा बाप आला तो पायांना भाताच्या लावणीचा चिखल तसाच घेऊन.

"रोवणी सुरू हाये सर. मी बांधीत रोवू का इच्या मांगं धावू? अजून एक डाव पळाली तं इचं नाव काढून टाका. घरी लहान पोरगं हाये, त्याले सांभाळंल."

बाप वाईट नव्हता. लाइनीची गोष्ट ऐकल्यापासून त्याचा चेहरा उतरला होता. पण त्याने जे सांगितलं ते तो करणार हे सरांना, मला आणि सोनवंतीलाही कळलं. सोनवंती जमिनीकडे बघत उभी होती.

त्या दिवशी कटरे सरांनी भेवाचा तास तिच्या एकटीसाठी घेतला, निंबाच्या झाडाखाली, तिच्यासमोर उकिडवं बसून. मी जवळच वह्या तपासत होते. सरांनी आपल्या सगळ्या भीती सांगून संपवल्या. मग ती बोलली. आवाज इतका बारीक की मी लाल पेन थांबवला.

"तुमी उठून जाता ना. मंग येत नाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या गावच्या शाळेत गुरुजी एकच. ते उठले की शाळा सुटली, असा चार वर्षांचा शिरस्ता. तिसरीत असताना एका दुपारी ते गुरुजी उठले, मोठ्या साहेबांनी बोलावलंय, उद्या येतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. बदली झाली होती. नवे गुरुजी येईपर्यंत शाळेला कुलूप होतं. ही रोज दप्तर घेऊन जायची आणि ओट्यावर बसून परत यायची. आता इथे दर घंटेला एक माणूस उठून जात होता. कुलूप लागायच्या आत घरी गेलेलं बरं, एवढाच तिचा हिशेब होता.

सर स्टाफरूममध्ये गेले आणि आपला जेवणाचा डबा घेऊन आले.

हा डबा ते स्वतःच करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बालाघाटला. स्टेशनमागच्या भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात. डब्यात रोज भात आणि एक भाजी.

"हे पाय," ते म्हणाले, "हा डब्बा तुयापाशी ठेवून जातो. मी कुठं बी गेलो तरी डब्ब्यासाठी वापस यीनच. डब्बा सोडून मानूस कुठं जाते का?"

सोनवंतीने विचार केला. मग मान डोलावली.

तेव्हापासून डबा तिच्या बाकावर. पहिला तास संपला की सर उठायचे, डबा तिच्यापुढे सरकवायचे आणि जायचे. घंटा झाली की दाराशी येऊन नुसतं डोकं आत घालायचे, डबा आहे ना, असं बघायचे, आणि पुढच्या वर्गाकडे पळायचे. पोरगी दोन्ही हात डब्यावर ठेवून गणित करायची, इतिहास ऐकायची, माझी कविता म्हणायची. मधल्या सुट्टीत डबा परत व्हायचा, सुट्टीनंतर रिकामा डबा पुन्हा बाकावर. एकदा एका पोराने झाकण उघडायचा प्रयत्न केला तर तिने त्याला चावा घेतला. सरांना आनंद झाला. चावणारं पोर टिकतं, असं त्यांचं मत.

असे काही आठवडे गेले. मग एके दिवशी, दुसऱ्या तासाला, मुख्याध्यापकांनी सरांना तडकाफडकी गोंदियाच्या बैठकीला पिटाळलं. पॅसेंजर यायलाच झाली होती. नाही म्हणायची सरांची छाती नव्हती. स्टेशनकडे धावता धावता मला म्हणाले, "मॅडम, पोरीले सांगा, शाळा सुटायच्या आंधी येतो. मोठ्या साहेबानं बलावलं हाये मनून सांगा."

मी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. सांगता सांगता सोनवंतीचा चेहरा बघितला, आणि आपण काय बोललो ते लक्षात आलं. तिच्या गुरुजींनीही तेच सांगितलं होतं. तिने डबा बाकावरून उचलून मांडीवर घेतला.

शाळा सुटायची वेळ झाली. सर आले नाहीत. त्यांचा फोन लागत नव्हता. आमच्या लाइनीवर मालगाड्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर वाटेल तिथे उभी करून ठेवतात, तसंच काहीतरी झालं असणार हे मला कळत होतं. तिला कसं कळणार? पोरं गेली, बस गेली, शिपायाने एकेक खोली बंद करायला घेतली. कुलपाचा आवाज झाला की ती दचकायची. मी तिच्या शेजारी बसले आणि मनात सरांना लाखोली वाहत होते. आभाळ भरून आलं होतं आणि मला सारखी जंगलातली ती वाट दिसत होती.

तेवढ्यात फाटकातून तिचा बाप आला. धावत आला असणार, छाती वरखाली होत होती. पोरगी बसलेली दिसल्यावर आधी तो भिंतीला टेकला, मग त्याला राग आला.

"चाल घरी. पुरे झाली तुयी शाळा."

"डब्बा द्याचा हाये," सोनवंती म्हणाली.

"कोनाचा डब्बा?"

"सराचा."

"मॅडमजवळ दे आन चाल."

तिने मान हलवली. बापाने हात धरला तर दुसऱ्या हाताने तिने डबा छातीशी दाबला. "सर येतीन. डब्बा इथंच हाये ना." तिला तरी खरं वाटत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटत नव्हतं, हे मी लपवत नाही.

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज झाला. चालवणारा कोणी अनोळखी पोरगा होता आणि त्याच्या मागे, त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून, कटरे सर. चष्मा चिखलाने माखलेला. गाडी मधल्या स्टेशनात अडकून पडली तेव्हा ते खाली उतरले होते, शेतांतून रस्त्यापर्यंत चालत गेले होते आणि दिसेल त्याला हात करत सुटले होते. कमरेची मिठी सुटत नसल्यामुळे त्यांना उतरताच येईना. मोटरसायकलवाल्याने त्यांना धरून खाली उभं केलं.

"आलो ना बाई," ते एवढंच म्हणाले.

सोनवंतीने जाऊन डबा त्यांच्या हातात दिला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भोकाड पसरून रडली. तिचा बाप त्या दोघांकडे बघत उभा होता. सर त्याला घाबरून मागे सरकले, "माफ करा जी, माह्यामुळं उशीर झाला," म्हणायला लागले. बापाने खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांना चष्मा पुसायला दिला.

"सकारी मीच आनून सोडतो इले," तो म्हणाला. "रोवणीचं पाऊ मंग."

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपल्यावर सरांनी नेहमीसारखा डबा बाकावर सरकवला. सोनवंतीने तो परत सरकवला.

"राहू द्या जी. तुमी येता, मले मालूम हाये."

सर डबा घेऊन स्टाफरूममध्ये आले. मी म्हटलं, "सुटलात एकदाचे, सर. आता घंटा झाली की पळापळ नको." ते हसले नाहीत. डबा टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. पोरगी रुळली, शाळा टिकली, बाप निवळला, आणि हा माणूस असा का बसलाय, मला कळेना.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "घरवाली गेली तवापासून मी घरी पोचलो का नाई, कोनाले फरक पडत नाई. काल गाडी थांबली ना, तं डब्यातले सारे लोक कावून गेले होते. मले रडू येऊन राह्यलं होतं. एवढ्या वर्षांनी कोनी माही वाट पाहून राह्यलं होतं."

घंटा झाली तसे ते उठले. त्यांचा पुढचा तास समोरच्याच खोलीत नववीवर होता. ते उलट्या बाजूने निघाले आणि पाचवीच्या वऱ्हांड्यातून वळसा घालून तिकडे गेले.