वानखडे सरांची कन्फर्मेटरी

वानखडे सर कुणाच्या घरी गेले की आधी खिशातून परीक्षानळी काढतात, चपला नंतर. मंगरूळपीरला कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून ते आसेगावात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून गावातल्या एकाही भांड्याची धडगत नाही.

कानशीनं कण काढायचा, अॅसिडात विरघळवायचा, वर दुसऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा आणि बुडाशी कुठल्या रंगाचा साका बसतो ते पाहायचं. रंग आला की सत्तरीतला हा माणूस ओट्यावरून टुणकन उठतो. "पाय, पाय, लोखंड हाय! वीटकरी येऊन राह्यलं!" पण तेवढ्यावर निकाल नाही. "कन्फर्मेटरी झाल्याबिगर बोलू नोका." ही कन्फर्मेटरी, म्हणजे खात्रीची दुसरी टेस्ट, त्यांना सगळीकडे लागते. कंडक्टरनं गाडी मंगरूळपीरची आहे म्हटलं, तरी सर ड्रायव्हरला विचारून येतात. माझ्या पुतणीचं एक स्थळ त्यांनी चहा संपायच्या आत उडवलं. "पोरगा फेरस लोखंडाचा साका हाय. आता हिरवा दिसते, हवा लागली का तांबडा होते."

परवा आईनं आपणहून पैंजण त्यांच्यापुढं ठेवले. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी चांदीचे म्हणून दिलेले. एका बारशात आत्यानं चारचौघींत ते खोटे आहेत असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आई धड जेवत नव्हती.

"सर, माह्या बापानं मले फसवलं का, तेवढं सांगा."

सर खुशीत कामाला लागले. मीही त्यांचाच विद्यार्थी, नळीला डोळे लावून बसलो. मिठाचं पाणी पडलं. चांदी असती तर दह्यासारखा पांढरा साका आला असता. नळीतलं पाणी निळसर, नितळच राहिलं. मी आईकडं बघायचं टाळलं.

सरांनी नळी मुठीत झाकली. "वयनी, अस्सल चांदी हाय. घाला खुशाल."

आईनं पदरानं डोळे पुसले, पैंजण उचलले आणि चहा टाकायला आत गेली.

"सर, कन्फर्मेटरी?" मी हळूच विचारलं.

"कायले पायजे?" नळी धुताना ते माझ्याकडं बघत नव्हते. "माह्या पोरीले लग्नात मी बी असेच देल्ले. तवा तेवढंच जमलं. रसायनाच्या मास्तराची पोर हाय, तिले का समजत नसन? पण तिनं अजून एकडाव बी तपासाले नाही आनले."