गावंडे काकांची कोरियन चटणी

आमच्या शेजारचे गावंडे काका रोज दुपारी गच्चीवर जाऊन कावळ्याला कोरियन चटणी वाढतात. अकोल्याच्या उन्हात कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, तेव्हा हे डोक्याला पंचा गुंडाळून, वाटी सांभाळत जिना चढत असतात.

चटणी मूळची काकूंची. त्यांना कोरियन मालिकांचं भारी वेड. मालिकेत पाहून त्या सोया सॉसमध्ये व्हिनेगर, साखर, ठेचलेला लसूण, तिखट आणि भाजलेले तीळ कालवायच्या, त्यात मुगाचे भजे बुडवून खायच्या. "हे काय काळं पानी!" म्हणून काका नाक मुरडायचे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्यांच्या आवडीचं सगळं मांडलं, नाना वचनं दिली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. काकांची मात्र खात्री पटली, हिचा जीव चटणीत अडकलाय.

तेव्हापासून ते रोज चटणी करतात. प्रमाण विचारलं की म्हणतात, "कोरियात अंदाजानंच टाकतेत." स्वतः अमरावतीच्या पुढे कधी गेलेले नाहीत!

खरं सांगते, मला त्या गच्चीची भीती वाटते. कावळा आधीच येऊन बसलेला असतो. एकच. ओरडत नाही, हलत नाही. वाटीकडे बघतही नाही, काकांकडे बघतो. खाली रिकाम्या घरात काकूंची मालिका चालू असते आणि कोणी बाई कोरियन भाषेत रडत असते. काका विचारतात, "आज तिखट जमलं का वं?" कावळा मान तिरपी करतो.

परवा धीर करून मी बोटभर चटणी चाखली. तीळच नव्हते! घरी जाऊन मूठभर भाजून आणले.

"काका, हे राहिले होते बघा."

मी वाटीवर हात नेला, तसा कावळा पहिल्यांदाच कठड्यावरून पुढे सरकला. काकांनी माझं मनगट पकडलं.

"टाकू नको, पोरी."

"अहो, पण मग शिवेल ना तो!"

"मले मालूम हाये. एक डाव टाकले होते. चोच घालूनच राह्यला होता, मीच हाकललं त्याले." त्यांनी माझं मनगट सोडलं. "शिवला त निघून जाईल ना तुही काकू."

मला रडू फुटलं. काका कावळ्याकडे वळले.

"आजबी चुकलं पाह्य," ते हळूच म्हणाले. "उद्या बरोबर करतो."

कावळा मागे सरकला आणि आपल्या जागी जाऊन बसला.