प्रवेशाची निविदा

मुलीच्या भविष्याचा निर्णय भावनेने घ्यायचा नसतो, तो पद्धतीने घ्यायचा असतो, असं खरेदीसाहेबांचं ठाम मत होतं. याच पद्धतीने त्यांनी घरचा फ्रिज निवडला होता. निवड बिनचूक झाली, पण तोवर कंपनीने ते मॉडेल बनवणं बंद केलं होतं.

साहेब एका कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते. साधा स्क्रू घ्यायचा तरी तीन पुरवठादारांना एकत्र बसवायचं, त्यांची बंद पाकिटं सगळ्यांसमक्ष फोडायची आणि आतला मजकूर खणखणीत आवाजात दोनदा वाचायचा, हा तिथला नियम. इतक्या वर्षांत तो त्यांच्या अंगात भिनला होता. घरी विजेचं बिल आलं तरी ते उभं राहून वाचत, आणि बायको व मुलगी ऐकल्याची मान हलवत.

मुलीला आयटीची पदवी घ्यायची होती. तीन विद्यापीठांत तिचा नंबर लागत होता, पण मन जडलं होतं तिसऱ्यावर. तिथे शेवटचं वर्ष खऱ्याखुऱ्या कंपनीत काम करून काढायचं असतं आणि बरेच जण पुढे तिथेच नोकरीला चिकटतात. त्या जागेसाठी अर्ज करायची मुदत रविवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

"बाबा, नुसतं हो म्हणा ना."

"एकाच पुरवठादाराला हो म्हणतात का कुठे? रविवारी दुपारी तिघांच्या माणसांना घरी बोलावलंय."

"तिघांना? एकदम?"

"वेगवेगळं बोलावलं की प्रत्येक जण वेगळी थाप मारतो. समोरासमोर बसले की सगळे एकच थाप मारतात. तुलना करायला बरं पडतं."

रविवारी तिन्ही विद्यापीठांचे प्रतिनिधी आले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. एक टाय लावून आला होता, दुसरा सुटात. दारात दोघांनी एकमेकांना घरमालक समजून वाकून नमस्कार केला. तिसऱ्या विद्यापीठाच्या बाई पाठीला सॅक लावून आल्या आणि आल्या आल्या पाणी मागून मोकळ्या झाल्या.

"बसा," साहेब म्हणाले. "प्रश्न एकच. तुमच्याकडे शिकून नोकरी लागते का?"

"शंभर टक्के," टायवाला म्हणाला. "माझंच बघा ना. मी आमच्याकडचाच आयटीचा पदवीधर."

"आणि नोकरी?"

"तिथेच. प्रवेश विभागात."

आपलंही तसंच आहे, असं सूटवाल्याने खाकरत सांगितलं.

"बाई, तुम्ही?"

"मीही आयटीच. माझ्या वर्गातले बाकीचे सगळे कंपन्यांमध्ये आहेत. मला दिवसभर स्क्रीनपुढे बसवत नाही, म्हणून हे काम मागून घेतलं."

"बसवत नाही," साहेबांनी टिपून घेतलं.

मग टायवाल्याला माहितीपट दाखवायचा होता. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, टीव्ही निळा पडला. सूटवाला प्रतिस्पर्धी असूनही माणुसकीने मदतीला धावला, टीव्ही काळा पडला. दोघे पदवीधर टीव्हीच्या मागे शिरले ते बराच वेळ नुसते बुटांच्या रूपाने दिसत राहिले. साहेब म्हणाले, घाई नको. पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं बघायचं नाही.

पावणेपाच झाले.

"आई," मुलगी पुटपुटली, "माझा फ्रिज होतोय."

"मग ऊठ ना. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

मुलीने रिमोटचं एक बटण दाबलं आणि वायर बाईंनी सॅकमधून काढलेल्या लॅपटॉपला लावली. पडदा उजळला. टीव्हीमागून दोघे बाहेर आले. टायला जळमट लागलं होतं.

"हिला आम्ही शिकवायचं तरी काय?" बाई म्हणाल्या. "साहेब, आमच्याकडे माहितीपट नाही. अर्ज कसा भरतात ते हिलाच भरून दाखवू दे?"

"प्रात्यक्षिक? दाखवा. सगळ्यांसमक्ष."

मुलीने नाव स्वतःचं टाकलं, मार्क स्वतःचे टाकले, फोटोही स्वतःचाच लावला.

"उदाहरण चांगलं घेतलंय," साहेब सूटवाल्याला म्हणाले.

शेवटी पडद्यावर सूचना आली की पालकांच्या फोनवर आलेला ओटीपी टाका. साहेबांच्या खिशात फोन वाजला. मुलीची बोटं थांबली. हा माणूस सख्ख्या भावालाही ओटीपी सांगणाऱ्यातला नव्हता. साहेबांनी फोन छातीशी धरला आणि घड्याळाचा काटा पाचकडे सरकत राहिला.

आईने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"अहो, पाकीट आलंय. तिघेही समोर आहेत. वाचायचं असतं ना?"

साहेब उभे राहिले. चष्मा लावला. सगळे आकडे खणखणीत आवाजात वाचले आणि नियमाप्रमाणे पुन्हा वाचले. मुलीला पहिलंच वाचन पुरलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली, 'अभिनंदन. तुमची जागा निश्चित झाली आहे.'

टायवाल्याने टाय सैल केला. बाईंनी चहाचा कप उचलला.

"प्रात्यक्षिक समाधानकारक," साहेब म्हणाले. "आता नीट विचार करून पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरवू. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. घाई नको."

"अजिबात नको, बाबा," मुलगी म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला तिला हजर राहता आलं नाही. त्या दिवशी तिचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं.