मऊ गादीखालचा गुन्हेगार

‘मिलर्ड स्कोगेन, खासगी अन्वेषक. नजर ससाण्याची, स्मरणशक्ती हत्तीची, तोंड कुलूपबंद. तळघरांचा एकतीस वर्षांचा अनुभव.’

ही चिठ्ठी गावच्या पोस्टातल्या फळ्यावर, एका हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीशेजारी लावलेली होती. तळघरांचा अनुभव अगदी खरा. मिलर्डनं एकतीस वर्षं गावाची पाण्याची मीटरं वाचली होती, आणि साउथ डकोटात मीटरं तळघरातच असतात. ससाण्याच्या नजरेबद्दल त्याची धाकटी बहीण वर्ना काही बोलत नसे. पण पिकअप मात्र तीच चालवायची. शेजारच्या चिठ्ठीतलं मांजरही शेवटी तिलाच सापडलं होतं, मिलर्डच्या गॅरेजात, मिलर्डच्याच खुर्चीवर. त्या वेळी मिलर्ड गावाबाहेर पावलांचे ठसे मोजत होता.

वर्नानं चाळीस वर्षं शाळेची बस हाकलेली. आरडाओरडा, खोटी कारणं आणि उलट्या यांची तिला सवय होती. म्हणून भावाची मदतनीस व्हायला तिला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लाइल हॉफर गॅरेजात आला तो टोपी हातात घेऊन. लाइल म्हणजे आडदांड, लाल मानेचा, मोटरसायकलवर जीव टाकणारा माणूस. पण त्या दिवशी पार उतरलेला.

“मिलर्ड, आर्लिस म्हणते यंदा ब्लॅक हिल्सला येत नाही.”

वर्नाच्या हातातला कॉफीचा मग तसाच राहिला. लाइल आणि त्याची बायको आर्लिस दर ऑगस्टला मोटरसायकलवरून ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत जायचे. साडेतीनशे मैल जायचे, साडेतीनशे यायचे. चौतीस वर्षांत एकदाही खंड नाही. पोरगी झाली त्या वर्षीही सासूकडे सोपवून गेले होते.

“का?” मिलर्डनं डोळे बारीक करून विचारलं.

“मागच्या सीटवर बसवत नाही म्हणते. साठ मैलांत कंबर धरते, मांड्या बधिर होतात. अरे, दोन वर्षांपूर्वी ही नवी गाडी घेतली ती कुणासाठी? तिच्यासाठीच! आधीच्या गाडीचं सीट म्हणजे नुसतं फळकूट होतं. याला पाठ टेकायला आहे, हात टेकायला आहे. थंडीत गरमसुद्धा होतं. वर मी जेलची उशी टाकली, त्यावर मेंढीचं कातडं, त्यावर हवेची गादी. बाई सिंहासनावर बसल्यासारखी बसते, आणि रडते!”

“म्हणजे फळकुटावर दुखत नव्हतं आणि गादीवर दुखतं,” मिलर्ड हळूच म्हणाला. आनंदानं त्याचे कान तांबडे झाले. “वर्ना, लिहून घे. घातपात.”

“ती नाही आली तर मी गाडी विकतो,” लाइल म्हणाला. “मागचं सीट रिकामं ठेवून मला नाही जायचं.” आणि एवढा थोरला गडी टोपीच्या कडेशी चाळा करत उभा राहिला.

तपासाला त्याच दुपारी तोंड फुटलं. घातपात शोधण्यासाठी मिलर्डनं वर्नाची विणायची सुई घेतली आणि सीटमध्ये कुठे काही टोचणारं लपवलंय का ते बघायला खुपसली. फुस्स झालं. हवेची गादी खाली बसली.

“आत हवा होती,” मिलर्डनं निदान केलं.

“आता नाही,” वर्ना म्हणाली.

मग त्याला थरथरीचा संशय आला. त्यानं वर्नाच्या फ्रिजमधून चर्चच्या जेवणासाठी केलेला गाजर घातलेला हिरवा जेलो, म्हणजे थलथलणारी जेली, उचलला, भांडं मागच्या सीटवर ठेवलं आणि इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं तो त्या जेलोकडे टक लावून बघत होता. जेलो ढिम्म.

“सीट निर्दोष आहे,” त्यानं जाहीर केलं. तरीही खात्री म्हणून तो स्वतः मागच्या सीटवर बसला. पाच मिनिटांत घोरायला लागला.

तिसरा सिद्धांत तो जेवताना घेऊन आला. “वर्ना, दुखतंय हे आपल्याला कोण सांगतं? फक्त आर्लिस! मोटरसायकल विकली जावी असं कुणाला वाटत असेल? जिला थंडगार मोटारीतून बहिणीबरोबर फिरायचंय तिला! बाई नाटक करतेय.”

“मिलर्ड, हे तिच्यासमोर बोललास तर उद्यापासून पायी तपास कर.”

पण त्याचं ऐकून वर्नाला राहवेना. ती स्वतःच आर्लिसकडे गेली. आर्लिस स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. लहान चणीची, तुरतुरीत बाई. पण त्या दिवशी तिचे हात सावकाश चालले होते.

“खरं सांगू, वर्ना? लाइलला नको सांगूस. मी म्हातारी झाले गं. त्या मेल्या फळकुटावर बत्तीस वर्षं बसले, कधी हूं की चूं केलं नाही. आता तो बिचारा उशीवर उशी रचतोय आणि मला तासाभरात रडू येतं. सीटमध्ये काही खोट नाही. मीच संपले.” तिनं पदर असता तर डोळ्यांना लावला असता, नव्हता म्हणून शेंगांच्या टॉवेलनं पुसले.

वर्नाला इतकं वाईट वाटलं की घरी येताना ती दोन वळणं चुकली.

शनिवारी मिलर्डनं गुन्ह्याची पुनर्रचना ठरवली. लाइल-आर्लिसनं पश्चिमेच्या रस्त्यानं नेहमीसारखं दोनशे मैल जायचं, मागून वर्नाच्या पिकअपमध्ये अन्वेषक दुर्बीण घेऊन. आर्लिस ‘शेवटचं एकदा’ म्हणून तयार झाली. मेंढीचं कातडं, जेल, ठिगळ लावलेली हवेची गादी, सगळं रचून झालं. लाइलनं तिला हात देऊन वर चढवलं.

“नऊ वाजून दहा. आर्लिस डावीकडे सरकली,” मिलर्ड वहीत लिहीत होता. “नऊ सव्वीस. उजवीकडे. नऊ चाळीस. लाइलच्या खांद्यावर थोपटलं. त्यानं वेग वाढवला. वर्ना, ही खूण आहे! दोघं सामील आहेत!”

“मिलर्ड, मला जायचंय.”

“आपण जातोच आहोत.”

“तसं नाही. मला *जायचंय*. दोन मग कॉफी झालीय सकाळपासून.”

“तपास चालू असताना? अजून सव्वाशे मैल आहेत!”

शाळेची बस चालवणारी बाई अशा बाबतीत वाद घालत नाही. पंचाहत्तर मैलांवर बफेलो फोर्कचं कॅफे दिसलं, तशी वर्नानं भोंग्यावर तळहात ठेवला तो उचललाच नाही. पुढे लाइल दचकून बाजूला झाला. मिलर्ड कपाळावर हात मारत होता, “पुरावा नासला! सगळी साखळी तुटली!” तोवर वर्ना आत पळालीसुद्धा.

ती परत आली तेव्हा तिघं टेबलाशी बसली होती आणि कॅफेवाली लव्हॉन कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती.

“हॉफर! आहात का तुम्ही दोघं? मला वाटलं, वारलात. नाहीतर माझ्या कूकेन केकला नावं ठेवून दुसरीकडे जायला लागलात. दोन वर्षं तोंड नाही दाखवलंत!”

“तसं नाही गं,” लाइल फुशारकीनं म्हणाला. “जुन्या गाडीची टाकी एवढीशी. ऐंशी मैल झाले की पेट्रोल भरायला थांबायलाच लागायचं. इथं एक, नदीपाशी एक, पुढे आणखी दोन. नव्या गाडीची टाकी दांडगी! भरली की सव्वादोनशे मैल बघायला नको. गाडीला थांबावंच लागत नाही.”

“गाडीला नाही,” लव्हॉन म्हणाली. “आणि हिला?”

टेबलाच्या मधोमध पीचचं कूकेन वाफाळत होतं.

वर्नानं आर्लिसकडे पाहिलं. आर्लिस आपल्या मांड्यांकडे पाहत होती, जणू तिला त्यांची माफी मागायची होती. “थांबलो की मी उतरायचे,” ती म्हणाली. “चालायचे, हातपाय ताणायचे. कूकेन खायचे. अगं बाई! तेव्हा मी सरळ चार तास कधी बसलेच नव्हते!”

“मी हेच म्हणणार होतो,” मिलर्ड म्हणाला.

“तू गप्प बस आणि खा,” वर्ना म्हणाली.

लाइलची लाल मान पांढरी पडली. “मग सांगायचं नाहीस का, थांब म्हणून?”

“सांगितलं की! वाऱ्यात तुला ऐकू येतं का काही? म्हणून खांद्यावर थोपटायचे.”

“मला वाटायचं, तू खूश आहेस!”

“म्हणून तर आणखी पळवायचास!” आर्लिस हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, आणि या वेळी तिनं ते पुसलेही नाहीत. “लाइल, मी तर देवाला सांगून बसले होते, की झालं आपलं सगळं. आणि खरं सांगू? दुखण्यापेक्षा वाईट ते वेगळंच. चौतीस वर्षं तुझी पाठ बघतेय मी. तुझं तोंड दिसायचं ते अशा ठिकाणी थांबल्यावर. तेच बंद झालं होतं.”

लाइलनं स्वतःच्या ताटलीतला कूकेनचा तुकडा तिच्या ताटलीत सरकवला. मग तिच्या शेजारून उठून, खुर्ची ओढून तिच्या समोर जाऊन बसला.

मिलर्डनं वहीत लिहिलं, ‘प्रकरण उलगडलं. गुन्हेगार: पेट्रोलची टाकी. अन्वेषक: एम. स्कोगेन.’ टाकीच्या अटकेसाठी शेरीफला कळवावं का, असंही त्यानं विचारलं. पण कुणी लक्ष दिलं नाही.

पुन्हा निघाले तेव्हा मेंढीचं कातडं आणि हवेची गादी वर्नाच्या पिकअपमध्ये टाकलेली होती. चाळीसेक मैलांवर, जिथं पेट्रोल नाही, कॅफे नाही, दोन्ही बाजूंना फक्त सूर्यफुलं, तिथं लाइलच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकायला लागला. गाडी कडेला थांबली.

“बिघाड!” मिलर्डनं दुर्बीण उचलली. “मी म्हणत नव्हतो? थांब, थांब! उतरलेत दोघं. हेल्मेटं काढली. इंजिनकडे बघतच नाहीयेत. आर्लिस काहीतरी सांगतेय, दोन्ही हात हलवून. लाइल नुसता उभा. ऐकतोय. वर्ना, पिकअप थांबव! काय बोलतायत ते कळायला पाहिजे!”

वर्नानं पिकअप थांबवली नाही. त्या दोघांच्या शेजारून जाताना तिनं भोंगाही वाजवला नाही.

“अगं, संशयित मागे राहिले!”

“राहू देत,” वर्ना म्हणाली.