उसवलेल्या स्वेटरचा सत्कार

"असला चकाकणारा धागा पोरांच्या डोक्यावर घालायचा? चिमणाबाई, ही थंडीची टोपी हाय का लग्नाचा मांडव?"

महाद्वार रोडवरच्या लोकरीच्या दुकानात पारूबाई कांबळेंनी धाग्याचा गुलाबी गुंडा गळ्याला लावून बघितला आणि नाक मुरडून परत ठेवला. विहारातल्या महिला मंडळाने चंदगडकडच्या एका डोंगरवस्तीवरच्या बालवाडीसाठी कानटोप्या विणायच्या ठरवल्या होत्या. खरी लोकर मंडळाला झेपत नव्हती आणि जी झेपत होती तिच्यात लोकर औषधालाही नव्हती.

"घ्या की आता," मंडळाच्या अध्यक्ष चिमणाबाई वैतागल्या. "फुकट तर द्यायच्यात. त्यात एवढं काय बघायचं?"

"फुकट द्यायच्यात म्हणूनच बघायचं!" पारूबाई ताडकन म्हणाल्या. "घरोघरची जुनी स्वेटरं मागवा. उसवू, धुऊ, परत विणू. पोरांना ऊब मिळाली पायजे, नुसता रंग न्हवं."

झालं! गल्लीत निरोप फिरला आणि पारूबाईंच्या फाटकाला पिशव्या लटकू लागल्या. शेजारच्या मेहरुन्निसाच्या पिशवीत शेवाळी रंगाचा, कोपरावर भोक पडलेला एक जाडजूड स्वेटर निघाला. हात लावताच पारूबाई हरखल्या. अस्सल लोकर! विचारायचं तरी कुणाला, मेहरुन्निसा तर लेकीच्या, शिफाच्या, बाळंतपणाला गडहिंग्लजला गेलेली. पारूबाईंनी स्वेटर उसवला, धागा वाफेवर सरळ केला आणि त्याच्या टोप्या विणल्या. मंडळ एसटीने जाऊन त्या पोरांच्या डोक्यावर घालून आलं. ग्रुपवर फोटो पडले. चार दिवस पारूबाई गल्लीतून जरा ताठ मानेनेच चालल्या.

पाचव्या दिवशी मेहरुन्निसाचे यजमान हुसेनभाई फाटकाशी उभे राहिले.

"पारूताई, झाला का ओ माझा स्वेटर?"

"कुठला स्वेटर?"

"शेवाळी! कोपर शिवायला तुमच्याकडं दिलाय म्हणाली की ही. पंजाबला ट्रक घेऊन जायचो तवा घेतलता. पहाटंच्या नमाजाला त्याबिगर पाऊल बाहेर पडत न्हाय बघा."

पारूबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "झालाच की! चार टाकं ऱ्हायल्यात."

हुसेनभाई गेले आणि पारूबाई स्वतःवरच चरफडल्या. दुसऱ्याच्या नवऱ्याचा स्वेटर न विचारता उसवला! तोही इतक्या जिव्हाळ्याचा! त्यांनी मेहरुन्निसाला फोन लावला. पलीकडून आधी तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, मग मेहरुन्निसाचं हसणं. "नात झाली गं पारू!" आता अशा वेळी काय सांगणार, कप्पाळ? पारूबाईंनी मुबारक म्हटलं आणि फोन ठेवला.

मग त्या दुकानात धावल्या. शेवाळी रंग मिळाला, पण तो चकाकणारा. हुसेनभाई ट्रकवाले असले तरी आंधळे नव्हते. एकच वाट उरली. ज्याला आपण नाक मुरडलं होतं तोच गुलाबी धागा पारूबाईंनी मान खाली घालून घेतला, घाईघाईने तेवढ्याच टोप्या विणल्या आणि एकट्याच चंदगडच्या एसटीत बसल्या.

"त्या शेवाळी टोप्या तेवढ्या धुऊन आणती," त्यांनी बालवाडीच्या मनालीबाईंना सांगितलं. "तवर ह्या घाला."

पोरांनी टोप्या दिल्या. एका बारक्या पोरीने मात्र दोन्ही हातांनी कान धरून ठेवले. "आज्जी, मी न्हाय देत. ही गरम हाय."

"ही बघ, गुलाबी हाय!"

"ती गार हाय की."

पारूबाईंनी ती टोपीही काढून घेतली. परतीच्या एसटीत मांडीवरची पिशवी त्यांना दगडासारखी जड लागत होती. आपण काय करून बसलो हे कळत होतं, पण हुसेनभाईंना तोंड दाखवायचं त्यापेक्षा अवघड वाटत होतं.

टोप्या उसवून स्वेटर पुन्हा उभा राहिला. धागा जरा कमी भरला, त्यामुळे तो हुसेनभाईंना बसला तो पोट आवळूनच. पण हुसेनभाई खूश! "कोपर कुठं फाटलं हुतं ते शोधून सापडंना! हाताला जादू हाय तुमच्या!" असं म्हणत ते गल्लीभर स्वेटर दाखवत फिरले.

इथवर झालं असतं तरी निभावलं असतं. पण तिकडे मनालीबाईंनी चिमणाबाईंना फोन केला. "तुमच्या पारूबाई म्हंजे देवमाणूस हो! पोरांच्या टोप्या धुवायला एवढ्या लांब आल्या." चिमणाबाईंना गहिवरून आलं. आणि कोल्हापुरात कुणाला गहिवरून आलं की सत्कार ठरतोच. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर पारूबाईंचा हसरा फोटो फ्लेक्सवर झळकला. पारूबाई भाजी आणायलाही मागच्या बोळातून जाऊ लागल्या.

सत्काराला विहाराचं अंगण भरलं. पहिल्याच रांगेत हुसेनभाई, अंगात शेवाळी स्वेटर. पारूबाईंच्या खांद्यावर शाल पडली आणि तेवढ्यात गडहिंग्लजहून थेट स्टँडवरून मेहरुन्निसा आली. नवऱ्याकडे बघून ती दारातच थबकली, मग पारूबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"पारू, ह्यो परत कुठनं आला गं? मी उसवायलाच दिलता की!"

"उसवायला?"

"मग! भोकं पडलेला त्यो अवतार कैक वर्षं बघती. ह्यांना शिवायला दिलाय म्हणून थाप मारली. आणि फोटोत पोरांच्या डोक्यावर आमची लोकर बघून असं बरं वाटलं म्हणून सांगू! शिफाच्या सासरी सगळ्यांना दाखवली."

पारूबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. न विचारता केलं ते बरोबर होतं आणि घाबरून निस्तरलं तेच पाप होतं!

"आता पारूबाई दोन शब्द बोलतील," चिमणाबाई माइकवर म्हणाल्या.

पारूबाई उठल्या. शाल काढून खुर्चीवर ठेवली. "टोप्या मी धुवायला न्हेल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "पोरांच्या डोक्यावरनं काढून आणल्या. माझी चूक झाकायला. त्या टोप्यांचाच त्यो स्वेटर हाय, हुसेनभाईंच्या अंगातला. ह्या सत्काराची मला लई लाज वाटती."

मेहरुन्निसाने हळूच पदर डोक्यावर पुढे ओढला. हुसेनभाईंनी आधी स्वेटरकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि स्वेटर डोक्यावरून काढायला घेतला. तो निम्म्यात अडकला. हात वर, तोंड आत, पोट बाहेर!

"ओढा की कुणीतरी!" आतून आवाज आला.

मेहरुन्निसाने एक बाही धरली, चिमणाबाईंनी दुसरी.

"आणि हिला इचारा," हुसेनभाई आतूनच ओरडले, "माझी आणि कुठली कुठली कापडं शिवायला दिल्यात!"

अख्खं अंगण खदखदून हसलं. पारूबाईंना हसू आलं नाही. त्या हुसेनभाईंसमोर खाली वाकल्या होत्या आणि स्वेटरच्या काठाशी, परत उसवायला, धाग्याचं टोक शोधत होत्या.