रिकाम्या बंगल्याचा ताबा

माझी बायको लष्करात मेजर आहे आणि मी घरात. (म्हणजे घरात असतो. घरातलं मेजरपदही तिच्याचकडे आहे.) पूल बांधणं हा तिचा पेशा. सकाळी सुरुवात केली तर संध्याकाळी तिच्या पुलावरून रणगाडे जातात. मला आमच्या जेवणाच्या टेबलाचा डगमगता पाय अकरा वर्षांत सरळ करता आलेला नाही.

तिची बदली दक्षिणेला झाली आणि आम्ही तिघं, म्हणजे ती, मी आणि तिची आई, इथल्या छावणीत येऊन दाखल झालो. विश्रामगृहात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांच्या नाड्या आवळता आवळता तिनं मला सूचना दिली, "अहो, मी ड्युटीवर हजर होते आणि पाचपर्यंत क्वार्टरची किल्ली घेऊन येते. सामानाचा ट्रक आला तर फक्त थांबवून ठेवा. बाकी काही म्हणजे काही करू नका."

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य ऐकल्यावर स्वाभिमानी नवऱ्यानं हातावर हात ठेवून बसायचं का?

ट्रक दहालाच आला. ड्रायव्हर घाईत होता. "तासाभरात माल उतरवून घ्या, नाहीतर रस्त्यावर ठेवून जातो," म्हणाला. मी ठरवलं, बायको येईपर्यंत घर लावूनच टाकायचं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, "सरप्राइज विचारून देत नाहीत." त्या गप्प बसल्या. (मी चुकणार असलो की त्या मुद्दाम गप्प बसतात.)

क्वार्टर्सच्या रांगेत सगळे बंगले एकाच साच्यातून काढलेले. एकाचं दार उघडं होतं. रंगारी नुकतेच गेले असावेत, भिंती ओल्या होत्या. फाटकाशी एक वयस्कर रखवालदार बसला होता. मी इथली भाषा दहा दिवस एका पुस्तिकेतून पाठ करत होतो, ती आता कामाला आली. छाती पुढे काढून मी विचारलं, "हे घर आमचं ना?"

तो खूश होऊन म्हणाला, "हो, हो!"

"नक्की?"

त्यानं फाटक सताड उघडलं.

(पुस्तिकेत 'आमचं' आणि 'रिकामं' हे शब्द खालीवर छापले होते. मी विचारलं होतं, "हे घर रिकामं ना?" रखवालदार बिचारा खरं तेच बोलला होता.)

मग मी पदर खोचला. (मला पदर नाही, पण खोचल्यासारखं वाटत होतं.) हमालांनी कपाटं भिंतीला लावली, सोफा मांडला. अठ्ठावीस खोकी मी एकट्यानं फोडली. पडदे लावताना दोनदा स्टुलावरून पडलो, त्यात एकदा पडद्यासकट. चार वाजेपर्यंत घर असं चकाचक झालं की मलाच आत जाताना चपला काढाव्याशा वाटल्या. सासूबाई आतल्या खोलीत डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपल्या होत्या.

तेवढ्यात दारात एक जोडपं आलं. पिळदार मिशांचे गृहस्थ आणि त्यांच्या हसऱ्या बाई. शेजारी भेटायला आले असणार! मी हिंदीत म्हटलं, "या, या! आपलंच घर आहे."

"वा!" बाई चहूकडे बघत म्हणाल्या. "पडदेसुद्धा लावलेत!"

"आपल्या लोकांनी मन लावून काम केलंय," मिशा म्हणाल्या.

दक्षिणेतल्या माणसांची जवळीक बघून मला भरून आलं. बाई म्हणाल्या, "सोफा मात्र खिडकीपाशी हवा." शेजाऱ्यांचं मन कशाला मोडायचं? मी आणि मिशांनी तो उचलून खिडकीपाशी नेला.

"स्वयंपाकाचं तूच बघतोस का?" मिशांनी विचारलं.

"हो, मीच," मी अभिमानानं म्हणालो. (पाच मिनिटांत एकेरीवर! केवढा हा जिव्हाळा!)

"मग चहा टाक. मी अंघोळ करून घेतो."

हे जरा जास्तच होतं. पण शेजाऱ्यांकडे पाणी आलं नसेल, तर त्यांना अंघोळीला नाही कसं म्हणायचं? बाथरूमच्या दारामागे माझा पोपटी झगा होता, तोही घ्या म्हटलं आणि चहाची किटली हातात घेतली. इकडे बाई आतल्या खोलीत डोकावल्या आणि पावलं न वाजवता परत आल्या.

"आत कुणीतरी झोपलंय!"

"सासूबाई आहेत," मी म्हणालो.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग भिंतीसारखा झाला. "सासूबाई? त्या तर पुढच्या महिन्यात येणार होत्या!" त्या बाथरूमच्या दाराशी धावल्या. "अहो, ऐकलंत का? तुमच्या आई आल्यात! आपल्या आधी!"

आतलं पाणी एकदम बंद झालं. मिशा पोपटी झग्यात बाहेर आल्या आणि नेमकी त्याच क्षणी माझी बायको मला शोधत दारात उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, आणि टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला.

"कर्नलसाहेब!"

कर्नल! सकाळी ती ज्यांच्यापुढे हजर झाली, ते तिचे वरिष्ठ! माझ्या हातातली किटली गार पडली. नव्या ठिकाणचा तिचा पहिला दिवस, आणि मी तिच्या साहेबांच्या बंगल्यात संसार मांडून त्यांना पोपटी केलं होतं.

"मेजर," कर्नल खोल आवाजात म्हणाले, "हा आचारी तुम्ही पाठवलात?"

बायकोचा आवाज उतरला. "सर, ते माझे मिस्टर आहेत."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. टाचणीऐवजी सासूबाई बाहेर आल्या. "काय गोंधळ चाललाय?"

कर्नलच्या बाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ह्या... माझ्या सासूबाई नाहीत!"

"नाही हो," मी पुटपुटलो, "माझ्या आहेत."

बाई सोफ्यात कोसळल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. सुटकेचं असं हसू मी आजवर पाहिलं नव्हतं. ते बघून कर्नलही हसले, मग बायकोही. (तिचं हसू फक्त दातांपुरतं होतं.) "जाऊ द्या, मेजर," कर्नल म्हणाले, "ह्यांच्या सासूबाईंना आई समजून मी अर्ध्या अंघोळीतून बाहेर आलो, एवढंच." त्यांनी लगेच हवालदार आणि आठ जवान बोलावले. आमचं खरं क्वार्टर तीन बंगले पलीकडे होतं. मला दिवसभर पुरलेलं काम त्यांनी चाळीस मिनिटांत उरकलं. सासूबाई नव्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि हवालदार यादीवर खुणा करत गेला.

कपाटं दोन. सोफा एक. खोकी अठ्ठावीस.

"सगळं आलं, माँजी," हवालदार म्हणाला. "फक्त ते किटलीवाले साहेब त्या बंगल्यातच उभे आहेत. आणू?"

सासूबाईंनी घरावरून शांतपणे नजर फिरवली.

"राहू दे सध्या," त्या म्हणाल्या. "इथं सगळं नीट लागलंय."